नौपाड्यातील जुन्या इमारतीत घर घ्यावे का?

प्रश्न (घोडबंदरवासी): गेली अकरा वर्षे आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या संकुलात राहतो. येथे उद्यान आहे, पोहण्याचा तलाव आहे, पण सकाळच्या वेळी ठाणे स्थानक गाठायला कधी पाऊण तास लागतो, तर कधी सव्वा तास. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि रिक्षा मिळाल्याशिवाय तिला कोठेही जाता येत नाही. नौपाड्यात १९८४ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील घर विक्रीला आहे. तेथून स्थानक, जांभळी नाक्याची मंडई, गडकरी रंगायतन सारेच पायी जाण्याच्या अंतरावर आहे. लिफ्ट नाही आणि गाडी लावायला जागाही नाही. तेथे राहणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ (नौपाडेकर): माझा जन्म याच भागातला, त्यामुळे मत थोडे पक्षपाती असेल. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक बदलून, कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन आणि येताना मेथीची जुडी आणून तासाभरात घरी परतता येते, हे सुख मोठ्या संकुलात मिळत नाही. दिवाळी पहाटेला मात्र राम मारुती रस्त्यावर एवढी गर्दी असते की गाडी असून नसल्यासारखी होते. आम्ही ती तीन वर्षांपूर्वी विकली आणि अद्याप अडलेले नाही.

जिन्याचे मात्र गांभीर्याने घ्या. माझी आईही तिसऱ्या मजल्यावरच राहत असे. गुडघे दुखू लागल्यावर ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि भाजीवाला हिशेबाचे सुटे पैसे त्याच पिशवीत टाकायचा. मंडई पाच मिनिटांवर होती, पण शेवटची दोन वर्षे तिने ती पाहिलीच नाही.

उत्तर २ (सोसायटीचा माजी सचिव): ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी सोसायटीच्या उपविधींनुसार (नियमावलीनुसार) दर तीन वर्षांनी व्हावी लागते, तेव्हा शेवटचा अहवाल मागा आणि तो स्वतः वाचा. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही पाहा; विकासकाने टाळाटाळ केली असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहकार्याशिवाय सरकारी अधिकाऱ्यामार्फत ते करून घेण्याचा मार्ग उपलब्ध असतो. नौपाड्यातील या वयाच्या बहुतेक इमारतींत पुनर्विकासाची चर्चा सुरू असते, म्हणून गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्ते मिळवा. पुनर्विकास ठरला, तर लिफ्ट आणि वाहनतळ मिळतील, पण त्याआधी काही वर्षे आईंना भाड्याच्या घरात काढावी लागतील. विक्रेता घाई करत असेल, तर कारण विचारा.

घोडबंदरवासी: दोघांचेही आभार. काल आईला घेऊन पुन्हा गेलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि "जिना उंच आहे रे" एवढेच म्हणाली. खाली उतरल्यावर मात्र तलावपाळीपर्यंत चालत गेली. त्यामुळे खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवून त्याच गल्लीत तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या कराराने घर शोधतो आहे. कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे.