मदत हवी आहे: खोकल्याच्या बाटलीत टर्ब्युटालिन निघालं, लेकीची स्पर्धा पाच दिवसांवर

रामबागची_आई (इंदूर)

नमस्कार मंडळी. रात्रीचे साडेबारा झालेत, घरचे झोपलेत आणि मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. कोणी डॉक्टर किंवा खेळाडूंचे आईबाबा जागे असतील तर प्लीज वाचा.

लेक १६ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. १९ वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत पात्रता फेरीसाठी नाव लागलंय, पुण्यात. (अशा स्पर्धांची एंट्री आपण परस्पर भरू शकत नाही, राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते, हेही मला याच वर्षी कळलं.) पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा. २००८ साली साईना वर्ल्ड ज्युनियर जिंकली ती पुण्यातच, म्हणून आमचे हे महिनाभर सगळ्या नातेवाइकांना तेवढंच सांगत फिरतायत. आपल्या शेजारच्या धारचे बॅडमिंटन खेळणारे वर्मा बंधू, सौरभ आणि समीर, कुठे पोचले ते सांगून झालं की मग साईना.

तर मुद्दा. तिला लहानपणापासून दमा आहे, फार नाही, पण पाऊस सुरू झाला की छाती वाजते. रोजचा पंप बुडेसोनाइडचा, आणि अडचणीला साल्ब्युटामॉलचा. गेल्या आठवड्यात खोकला धरला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून दुसऱ्यांकडे नेलं. त्यांनी सिरप लिहून दिलं. खेळते म्हणून सांगितलं होतं मी, पण ‘खेळते’ म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही पुढे बोलले नाही. चार दिवस, दिवसातून दोनदा, दोन-दोन चमचे. मीच पाजलं, हाताने.

आज बॅग भरताना ती म्हणाली, ‘आई, सिरप पण ठेव.’ ठेवता ठेवता चष्मा लावून लेबल वाचलं. छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली ते प्रकरण झाल्यापासून मध्य प्रदेशातल्या कुठल्याही आईचा हात खोकल्याच्या बाटलीवर जरा अडखळतो, म्हणून वाचलं. डोपिंग डोक्यातही नव्हतं. बाटलीवर सिरप ओघळून अर्धी अक्षरं चिकट झालेली. ओल्या फडक्याने पुसलं तर तीन नावं: ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन, आणि सगळ्यात वर टर्ब्युटालिन. हे टर्ब्युटालिन शोधलं आणि हातपाय गार पडले. बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत आहे, तेही फक्त स्पर्धेपुरतं नाही, बारा महिने.

कोच सरांना फोन केला. ‘अहो ताई, ज्युनियरमध्ये कोण टेस्ट करतंय, टेन्शन कशाला घेता.’ लेक जागी झाली, ऐकलं, आणि मला म्हणाली की तू उगाच वाचलंस. तिच्या त्या एका वाक्यावर मी दोन तास बसून आहे.

विचारायचं ते असं. सिरप आजपासून बंद केलं तर पाच दिवसांत अंगातून जाईल का? नाव मागे घ्यावं का? बंदीतलं औषध आजारपणासाठी घ्यायची टीयूई की काय म्हणतात ती परवानगी आता मागता येते का? आणि तिचे दोन पंप तरी चालतात ना? ते नाही चालले तर खेळणंच नाही.

---

काढेवाले_काका

ताई, जेष्ठमध, अडुळसा, तुळस उकळून द्या. आमच्या घरी तीन पिढ्या सिरप आलेलं नाही.

---

छातीवाला_डॉक्टर (वडोदरा)

काकांचा मान राखून: स्पर्धेच्या तोंडावर कुठलंही नवं काहीतरी पोटात घालू नका, पुडीवर काय लिहिलंय ते कळत नसेल तर अजिबातच नाही.

ताई, आधी पंपांचं सांगतो. श्वासातून घ्यायच्या बुडेसोनाइडला बंदी नाही. साल्ब्युटामॉल पंपाने घेतलं तर मर्यादेत चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपात एका दाबाला १०० असतात, म्हणजे ८ तासांत ६ दाब. तुमच्या पंपावरचा आकडा मात्र स्वतः वाचा. साल्ब्युटामॉलचीच गोळी किंवा सिरप असेल तर ही सूट नाही. खूप धाप लागून नेब्युलायझर लावावा लागला तर तिथल्या डॉक्टरांना ती खेळाडू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यात मात्रा झटकन वाढते. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांना स्पर्धेच्या काळात बंदी आहे, आणि तो काळ सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो.

टर्ब्युटालिनला वरच्यासारखी मर्यादेची सूट नाही. पाच दिवसांत जाईल असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विसंबू नका. मात्रा, किडनी, पाणी, सगळ्यावर अवलंबून असतं. टीयूईसाठी मुळात हे औषध लागतंच, दुसरं चालत नाही, असं दाखवावं लागतं. साध्या खोकल्याला ते दाखवणं अवघड. तुमच्या हातात आहे ते एवढंच: बाटली, चिठ्ठी आणि बिल यांचे फोटो आत्ता काढा, औषध कधीपासून कधीपर्यंत दिलं ते तारखेनिशी लिहा, आणि उद्या सकाळी नाडाला (देशातली डोपिंगविरोधी संस्था) लेखी कळवून विचारा. टीयूईचा अर्ज त्यांच्याकडे की बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेकडे, हे खेळाडूच्या पातळीवर ठरतं, तेही तेच सांगतील. बाटली फेकू नका!

---

मागच्या_खुर्चीतला_बाबा (ग्वाल्हेर)

माझा मुलगा तीन वर्षं ज्युनियर खेळला. कोच सरांचं अर्धं खरं आहे, बहुतेकांची टेस्ट होत नाही. पण ज्याची होते त्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. मलेशियाचा बॅडमिंटनपटू ली चाँग वेई आठवतो ना? २०१४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये डेक्सामेथासोन सापडलं. मुद्दाम घेतलं नव्हतं, कॅप्सूलमधून गेलं, हे मान्य झालं, तरी ८ महिन्यांची बंदी आणि रौप्यपदक परत. १८ खालच्यांना शिक्षेत थोडं सांभाळून घेतात, पण निकाल रद्द व्हायचा तो होतोच.

टेस्टला बोलावलंच तर १८ खालच्या मुलीसोबत तुम्हाला जाता येतं, तो हक्क सोडू नका. लघवीचा किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो आणि सामना संपल्यावर पोरं इतकी सुकलेली असतात की तास-दोन तास तिथेच बसावं लागतं. फॉर्मवर गेल्या ७ दिवसांतली औषधं लिहायची जागा असते. तिथे सिरप लिहाच. आणि ते तिला स्वतःच्या हाताने लिहू दे.

एक फुकटचा सल्ला: इंदूर आणि पुणे दोन्ही साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, शटल जवळपास सारखंच पळेल. त्याची काळजी तरी करू नका.

---

रामबागची_आई

उशिरा लिहितेय, माफ करा. सकाळी मेल केला, कागद जोडले. उत्तर आलं त्यात तुम्ही सांगितलं तेच होतं, आणि जोखीम खेळाडूची असंही स्पष्ट लिहिलं होतं. मग लेकीसमोर मोबाईल ठेवला आणि म्हटलं, वाच आणि तू ठरव. एक दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बशीवरून मान वर न करता म्हणाली, ‘जाते. विचारलं तर सगळं लिहीन.’ सर अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत, असू देत.

रात्रीच्या बसने गेलो. पहिला सामना जिंकली, दुसऱ्यात तिसऱ्या गेमपर्यंत नेऊन हरली. टेस्टला कोणी बोलावलं नाही. बाहेर आली तर किटबॅगच्या पुढच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली, चिठ्ठी आणि एका वहीच्या पानावर तिच्या अक्षरात तारखा. मी ठेवलं नव्हतं ते.

आता नवा प्रश्न. खोकला अजून आहेच. बंदीत न बसणारं खोकल्याचं औषध नेहमीच्या डॉक्टरांना कसं विचारायचं, म्हणजे यादी छापून न्यायची का, की त्यांना राग येईल? मधाचं कोणी लिहू नका, ते चालू आहे.