इंजिन चालू केलं की स्पीकरमधून गुंईईई, रेस दिली की आवाज चढतो

कानात_भुंगा
मंडळी वैताग आलाय. गाडीत नवीन स्टिरिओ, डिकीत फोर चॅनल अँप (स्पीकरसाठी आवाज वाढवणारा डबा), चार स्पीकर असं सगळं मी स्वतःच बसवलं. नुसती चावी फिरवून गाणी लावली तर एकदम क्लिअर, पण इंजिन चालू केलं की बारीक गुंईईई सुरू होतं आणि रेस दिली की तो आवाज पण वर चढतो, सोडली की उतरतो, म्हणजे गाणं बंद असलं तरी गाडी स्वतःच आलाप घेतेय. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच. अँपची पॉवर वायर डाव्या दाराच्या पट्टीखालून आणलीये आणि आरसीए (स्टिरिओतून अँपला गाण्याचा सिग्नल नेणारी वायर) पण तिथूनच, कारण पट्टी दोनदा उचकटायचा कंटाळा आला. अर्थिंग डिकीतल्या एका बोल्टला दिलंय. एक मित्र म्हणतो फिल्टर लाव, दुसरा म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) गेला. आणि हो, गाडी बंद करून चालू केली की घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं सगळं पुसलं जातं, ते वेगळंच.

फ्यूज_उडाला
आरसीए आणि पॉवर वायर एकाच बाजूने?? मिळालं की उत्तर. आरसीए उजवीकडून घे, विषय संपला.

तारतम्य
विषय एवढ्यात संपत नाही भाऊ. आधी बघ तरी आवाज शिरतोय कुठून, उगाच अख्खी गाडी सोलू नको. व्हॉल्यूम शून्यावर असून आवाज तेवढाच आहे म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय, आरसीए, अँप किंवा अर्थ. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाला असता तर मी फोन, चार्जर, ऑक्स (फोन स्टिरिओला जोडायची वायर) तिकडे बघ म्हटलं असतं.
आता सिस्टीम बंद कर, अँपच्या टोकाला आरसीए काढून ठेव आणि मग इंजिन चालू कर. तरीही गुंई आलं तर अँपची स्वतःची सप्लाय नाहीतर स्पीकरच्या वायरी. गेलं, तर अँप ठीक आहे आणि घाण आरसीएमधून येतेय. मग दुसरी लांब आरसीए सरळ सीटवरून टाकून बघ, पट्टी न उचकटता दोन मिनिटांत कळतं की रस्ता चुकलाय का अजून काही.
अल्टरनेटरचं म्हणशील तर इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग चालू आहे, पण त्याचा डायोड (आतला एसीचं डीसी करणारा भाग) गेलाय का ते मीटरच्या एसी रेंजवर बघावं लागतं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर संशय घे. फक्त काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलताच आकडा दाखवतात, तेव्हा प्रोब उलटे करून पण बघ, एकीकडे शून्य आणि दुसरीकडे दुप्पट आलं तर मीटरच खोटं बोलतंय.

कानात_भुंगा
केलं. आरसीए काढल्या की एकदम शांत. सीटवरून दुसरी आरसीए टाकली तर गुंई जरासं कमी, पण आहेच. आता?

फ्यूज_उडाला
च्यायला. मग मी गप्प बसतो 😅

जुना_वायरमन
अर्थ बघ अर्थ. बोल्टला दिलंय म्हणतोस, खालचा रंग खरवडलास का? बऱ्याचदा बोल्ट घट्ट असतो पण थिंबल (वायरच्या टोकाची कडी) बसलेली असते रंगावर, आणि करंट जातो फक्त आट्यांमधून. आणि ओहम रेंजवर मोजून ठीक आहे म्हणू नको, मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स पाव ओहमच्या आसपास असतो, त्यात आपला फॉल्ट लपून जातो. व्होल्ट मोज. इंजिन चालू, गाणी मोठ्याने, एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर (लांब वायर जोडून घे), दुसरा अँपच्या ग्राउंड टर्मिनलवर. ०.१ च्या खाली असेल तर ठीक. जास्त आलं तर स्टिरिओचा अर्थ आणि अँपचा अर्थ वेगवेगळ्या पातळीवर आहेत, आणि त्या फरकामुळे आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो (यालाच ग्राउंड लूप म्हणतात), तेच तू ऐकतोयस. फिल्टर लावलास तर आवाज दबेल, पण स्वस्त फिल्टर बेस खातात आणि अर्थ कच्चा तो कच्चाच.
एक मात्र लक्षात ठेव, अर्थ सोडवायच्या आधी बॅटरीचा मायनस काढ. अँप चालू असताना अर्थ सुटला तर अँपचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परत जायला बघतो आणि स्टिरिओच्या आतला बारीक फ्यूज उडतो, मग जन्मभराची गुंई. सीट बेल्टचा बोल्ट पण वापरू नको, तो तसल्या कामासाठी नाही. आणि पॉवर वायरला बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज आहे ना? नसेल तर गाणी राहू दे, आधी तो लाव.

तारतम्य
घड्याळाचं राहिलं. स्टिरिओची पिवळी आणि लाल वायर उलट जोडली गेलीये. पिवळीला कायम १२ व्होल्ट पाहिजेत, लालला फक्त चावी फिरवल्यावर. काही युरोपियन गाड्यांच्या कनेक्टरमध्ये या दोन पिना मुळातच उलट असतात, त्यामुळे रंग बघून जोडू नको. चावी काढून मोज, गाडीच्या ज्या वायरला तरीही व्होल्ट आहेत ती स्टिरिओच्या पिवळीला.

कानात_भुंगा
झालं!! बॅटरी ते अँप ०.४२ व्होल्ट येत होते. बोल्ट काढला तर थिंबलच्या खाली रंगाचं चकचकीत गोल कडं तसंच्या तसं, आणि मी म्हणतोय अर्थ मस्त दिलाय. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, कसून आवळलं आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस. आता ०.०३. गुंई गेलं, नवी आरसीए उजवीकडून पण टाकली, हट्टाने. पिवळी-लाल खरंच उलट होती. फ्यूज होता, पण पार डॅशबोर्डखाली, तो उद्या बॅटरीजवळ आणतो.
फक्त फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी लावली की अजून जरासं कुईं येतं.

जुना_वायरमन
फोन आणि स्टिरिओ दोघांचा अर्थ चार्जरमधून परत एक झाला, तोच लूप, फक्त छोटा. ब्लूटूथवर लाव.