राष्ट्रगीताची चाल सभागृहात मताला टाकायला हवी होती का?

धागाकर्ता : राष्ट्रगीताच्या निवडीवर आपण आजही शब्दांवरूनच भांडतो, सरकारने मात्र प्रश्न चालीचा मानला होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटना समितीत निवेदन केले, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागण्यात आले, हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तीवरून वाद्यवृंदाने ते बसवले आणि ते सर्वांना आवडले. राष्ट्रगीत क्वचित गायले जाते, वारंवार वाजवले जाते, तेव्हा संगीतच महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या देशाचे संगीत मुळात गळ्याचे, त्याचे गीत लष्करी बँडच्या कसोटीवर निवडावे आणि त्यावर मतदानही होऊ नये, हे मला पटत नाही. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी ठरावाऐवजी अध्यक्षीय निवेदनाने विषय मिटवला.

प्रतिसाद १ : आपला आक्षेप भावनिक वाटतो. परदेशी बँडला स्वरलिपीवरून वाजवता येईल अशी चाल स्वतंत्र देशाला हवीच होती. शिवाय ही कसोटी आपल्या गवयांना परकी वाटली, असेही नाही. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ‘वंदे मातरम्’चे कट्टर पुरस्कर्ते, पण त्यांनी बँडच्या अटीशी वाद घातला नाही, तर बँडवर वाजेल अशी चाल बांधून ती दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली.

प्रतिसाद २ : हे उदाहरण तर धागाकर्त्यांच्याच बाजूचे आहे. अट पुरी करणारी चाल सदस्यांच्या कानांवर पडली होती, तर त्यांचे मत नोंदवून घ्यायला अडचण कोणती होती? मला वाटते, चालीचा मुद्दा खरा असला तरी सोयीचाही होता. ‘वंदे मातरम्’च्या पुढच्या कडव्यांवर मुस्लिमांचा आक्षेप होता, म्हणून काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ मध्येच पहिली दोन कडवी तेवढी गाण्याचे ठरवले होते. तो वाद फाळणीनंतर सभागृहात उघडण्यापेक्षा वाद्यवृंदाविषयी बोलणे सोपे होते.

प्रतिसाद १ : सोपे होते, आणि शहाणपणाचेही. प्रजासत्ताक दोन दिवसांवर आलेले असताना मतविभागणी झाली असती, तर हरलेल्या बाजूचे गीत कायमचे ‘पराभूत’ ठरले असते. निवेदनाने ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान दिला, तो मतदानानंतर त्याच सहजतेने देता आला असता का?

धागाकर्ता : सन्मानाविषयी माझी तक्रार नाही. पण नेहरूंचे निवेदन आणि अध्यक्षांचे निवेदन यांत सतरा महिने गेले. ‘वेळ नव्हता’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.