क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे: उघडे की मिटलेले?

प्रश्न:
मी कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षण घेते. क्रूसावरील ख्रिस्ताची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एकात डोळे उघडे आणि देह ताठ दिसला, तर दुसऱ्यात मान कलंडलेली आणि डोळे मिटलेले होते. प्रसंग एकच असताना इतका फरक का? शिवाय आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या भिंतीवर नुसताच लाकडी क्रूस आहे, त्यावर मूर्ती नाही. त्याचे कारण काय?

उत्तर:
ही चित्रे वेगवेगळ्या काळांच्या श्रद्धेतून आलेली आहेत. क्रूसावर खिळणे ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी अत्यंत लाजिरवाणी शिक्षा होती, त्यामुळे पहिली चार शतके ख्रिस्ती कलेत हा प्रसंग जवळजवळ आढळत नाही. रोममधील सांता सबिना चर्चच्या पाचव्या शतकातील लाकडी दारावर तो कोरलेला आहे. तेथे ख्रिस्त हात पसरून, उघड्या डोळ्यांनी उभा आहे आणि त्याच्यामागचा क्रूस धड दिसतही नाही. मरणावर विजय मिळवणारा प्रभू दाखवायचा असल्याने वेदना दाखवण्याची गरज त्या कारागिराला वाटली नसावी. याउलट जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलमधील गेरो क्रूस ही लाकडी मूर्ती (सुमारे ९७०) पाहा: डोके छातीवर झुकलेले, पोट पुढे आलेले, साऱ्या देहाचा भार ताणलेल्या हातांवर. तेराव्या शतकात पाय एकावर एक ठेवून दोहोंतून एकच खिळा दाखवण्याची पद्धत रूढ होत गेली, म्हणजे चार खिळ्यांचे तीन झाले, आणि गुडघे वळून देहाला बाक आला. रेखाटन करताना आपण आधी पाय पाहावेत. काळाचा अंदाज बहुधा तेथेच येतो.

उत्तर:
मी येथील प्रॉटेस्टंट कुटुंबातला आहे. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या प्रॉटेस्टंट परंपरेत उपासनेसाठी मूर्ती वापरत नाहीत. रिकामा क्रूस आमच्यासाठी पुनरुत्थानाची खूण आहे, कारण ख्रिस्त आता त्यावर नाही. तरीही त्याच्या दुःखाचा आम्हाला विसर पडलेला नाही: उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ख्रिस्ताने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन करताना मंडळीत जी शांतता असते, ती मी लहानपणापासून अनुभवत आलो आहे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मिटलेल्या डोळ्यांचे माझ्याकडील चित्र जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डच्या इझेनहाइम वेदीचे, म्हणजे चर्चमधील वेदीवरच्या रंगवलेल्या फलकांचे (१५१२ ते १५१६) आहे. त्यातील ख्रिस्ताच्या अंगभर जखमा का, हेही समजेल का?

उत्तर:
ते वेदीफलक संत अँथनीच्या नावाच्या अँटोनाइन पंथाच्या मठासाठी रंगवलेले होते आणि तेथे विषारी बुरशी लागलेल्या राय धान्यामुळे होणाऱ्या रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. त्यांच्या कातडीची आग होई, हातपाय सडत. अशा रुग्णाला वेदीसमोर आणले, की त्याला आपल्यासारखाच देह क्रूसावर दिसे.