पावसाळ्यात रेशनला अंगठा हवाच का?

सड्यावरचा
आमच्या गावात दुकानाच्या आत रेंज नाही, म्हणून रेशनवाला पॉस मशीन घेऊन पडवीत बसतो, पागोळ्यांच्या शेजारी. परवा आई लावणी अर्धी टाकून गेली. पाच वेळा अंगठा लावला. पदराला पुसला, केसांवरून फिरवला, तरी ठसा जुळेना. "काकी, उद्या या हात सुकवून." लावणीत सुके हात आणायचे कुठून? जून ते सप्टेंबर अंगठ्याची सक्ती उठवा, वहीवर सही घ्या.

मापात_माप
मी स्वतः दुकान चालवतो. वहीचे दिवस विसरलात वाटतं! मेलेल्यांच्या नावावर धान्य उचललेलं मी पाहिलंय. थंब आला आणि ते बंद झालं. काचेवर सुती फडकं फिरवा, उन्हाळ्यात मशीनवर सावली धरा. थेट ऊन पडलं की ते आंधळं होतं. आणि अंगठाच कशाला? आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात.

खाचखळगे
फडक्याने निम्मंच काम होतं. काचेखालून उजेड टाकून बोटाचा फोटो निघतो. रेषांचे उंचवटे काचेला टेकतात, खाचांत हवा राहते, म्हणून ठसा उठून दिसतो. खाचांत पाणी भरलं की सगळं सपाट. ते पुसता येतं. पण चार तास चिखलात राहिलेल्या बोटाला सुरकुत्या पडतात त्या आतल्या रक्तवाहिन्या आकसून, आणि त्या दहाही बोटांना पडतात. पुसून काय जाणार? (केसांचं तेल हिवाळ्यात कामाचं, तेव्हा कोरडं बोट काचेला धड टेकत नाही. पावसात त्याचा उपयोग नाही.)

मापात_माप
मग ओटीपी घ्या.

सड्यावरचा
आधारला नंबर भावाचा आहे, तो मुंबईला. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये.

खाचखळगे
शिवाय वही बेकायदा नाहीच. ठसा जुळला नाही तर आधार कार्ड बघून, वेगळ्या रजिस्टरात नोंद करून धान्य द्या, असं आधार प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रकच आहे.

मापात_माप
परिपत्रक मलाही माहीत आहे. रजिस्टरात चार नावं जास्त दिसली की जाब दुकानदाराला विचारतात, परिपत्रक काढणाऱ्याला नाही. त्यापेक्षा तुमच्या दुकानदाराला सकाळी सातला उघडायला सांगा. बायका शेतात उतरायच्या आधी थंब होऊन जातील.

सड्यावरचा
तो उघडेल हो सातला. रेंज दहाला येते.