खालिद जमीलला क्लबात जमतं ते इंडियाला का जमेना?

कोल्हापुरी_विंगर:
भावांनो, आमच्या तालमीच्या ग्रुपवर दोन दिवस यावरनं भांडण चाललंय म्हणून इथं विचारतोय. ऑगस्ट २०२५ ला जमील इंडियाच्या फुटबॉल टीमचा कोच झाला तेव्हा आम्ही लई खूश, २०१२ ला सावियो मदेरा गेल्यापासनं आपला माणूसच नव्हता त्या खुर्चीवर. सुरुवात पण भारी झाली, काफा कपात (मध्य आशियातल्या देशांची स्पर्धा) ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१ हाणलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यात सगळं पाण्यात. सिंगापूरनं मडगावात येऊन १-२ केलं, एशियन कपला क्वालिफाय व्हायचं गेलं, वर ढाक्यात बांगलादेशकडनं ०-१. मित्र म्हणतो २०१७ ला मिझोरमच्या ऐझॉल क्लबला जमीलनं आय-लीग जिंकून दिली तो पण मटका लागलेला. मी तेव्हा शाळेत होतो, एक मॅच बघितली नाही. कोणी बघितलंय का?

कूपरेजचा_पब्लिक:
मटका म्हणणाऱ्याला कधी मुंबईला आला तर चहा माझ्याकडून, बसवून सांगतो. खालिदभाई मिडफिल्डर, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळला, कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांकडे गेला नाही कारण त्यांच्या जर्सीवर दारूच्या कंपन्या होत्या आणि ते त्याला चालणार नव्हतं, मग दुखापतींनी करिअर लवकर आटपलं आणि २००९ ला मुंबई एफसीचा कोच झाला ते थेट २०१६ पर्यंत. बघायला मजा यायची का? अजिबात नाही. मागे गर्दी करून बसायचं, बॉल मिळाला की लांब मारायचा. पैसे कमी, नावं कमी, पण सात वर्षांत टीम एकदाही खाली गेली नाही. २०१६ ला त्याच्या जागी दुसरा कोच आणला आणि लगेच पुढच्या सीझनला मुंबई एफसी रेलिगेट!! आणि त्याच सीझनला हा तिकडे मिझोरममध्ये चॅम्पियन. सोबत आपले जयेश राणे, आशुतोष मेहता घेऊन गेलेला, गोलवर गोव्याचा अल्बिनो. ऐझॉल आदल्या वर्षी रेलिगेट झालेली, गोव्याच्या क्लबांनी अंग काढलं म्हणून परत घेतली. १८ मॅच, ३७ पॉइंट, कलकत्त्याच्या मोहन बागानपेक्षा एक जास्त. शेवटून दुसऱ्या मॅचला बागानलाच घरी १-० पाडलं आणि शिलाँगला १-१ करून लीग उचलली. मटका १८ आठवडे लागत नाही बाबा.

फातोर्डा_नॉर्थ:
त्या सिंगापूर मॅचला मी स्टेडियममध्ये होतो. आपल्या छांगतेने काय गोल मारला, सगळं पब्लिक उभं, आणि मग हाफटाइमच्या तोंडावर त्यांच्या साँगने बरोबरी केली तिथेच टीमचा जीव गेला, दुसरा गोलही त्याचाच. पण हिशोब नीट करा. जमीलच्या आधीचा कोच मनोलो असताना क्वालिफायरच्या पहिल्या दोन मॅचमध्ये एकच पॉइंट होता, शिलाँगला बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगला ०-१. मनोलो आमच्या गोव्याचाच कोच म्हणून हे बोलायला जिवावर येतं, पण खड्डा आधीचाच. जमीलने सिंगापूरला जाऊन आपला झिंगन रेड कार्डवर गेल्यावर दहा जणांत १-१ काढली होती, ते कोणाला आठवत नाही. फक्त एक आहे, पुढे जाऊन मॅच उघडायची वेळ आली की त्याच्या टीमला सुचत नाही. सुपर कप फायनलला जमीलची जमशेदपूर आमच्या एफसी गोवासमोर तशीच होती, ३-० हरली.

उगाच_शंका:
कूपरेजवाल्या दादांनी ऐझॉल सांगितलं आणि पुढचं गाळलं. पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालचा कोच म्हणून पूर्ण सीझन मिळाला, चौथा नंबर. नॉर्थईस्ट युनायटेड क्लबात २०२१ ला मध्येच टीम हातात आली, लीगमध्ये एकही मॅच न हरता प्लेऑफ, वा. म्हणून कायमचा कोच केला, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधला पहिला भारतीय, आणि तो सीझन ११ टीममध्ये दहावा.

कूपरेजचा_पब्लिक:
गाळलं नाही रे, टाइप करून बोटं दुखली. आणि जमशेदपूर तूही गाळलंस, दोन वर्षं लागोपाठ फेडरेशनचा बेस्ट कोच झाला तो. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस रोज सकाळी ग्राउंडवर तेच तेच घासून टीम बनवतो, सहा महिने दिले तर साध्या पोरांची भिंत उभी करेल. नॅशनल कॅम्पला मिळतात किती दिवस? काफा कपला बागानने पोरं सोडली नाहीत, आयएसएल बंद पडलेली, पोरं मॅच न खेळताच कॅम्पला. त्यात आधीच मागे पडलेला ग्रुप जिंकायचा म्हणजे अटॅक हवा, जो त्याचा प्रांतच नाही. कोच चांगला आहे, काम चुकीचं दिलंय.

कोल्हापुरी_विंगर:
मित्राला सगळं दाखवलं. म्हणतोय ऐझॉल मान्य, पण ढाक्याचं काय? २००३ नंतर पहिल्यांदा हरलो त्यांच्याकडनं.

कूपरेजचा_पब्लिक:
ढाक्याला माझ्याकडेपण उत्तर नाही.