‘आनुवंशिक चाचणी’ म्हटलं आणि घरात रडारड

फोंडेकरीण :
बाबांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. वय ६४, विडी-सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बायोप्सी झाली आणि डॉक्टर म्हणाले, जेनेटिक टेस्ट करून घेऊ, मग औषध ठरवू. घरी सगळ्यांना कळावं म्हणून मी मराठीत सांगितलं, ‘आनुवंशिक चाचणी करायची आहे.’ झालं! आत्याने कपाळाला हात लावला, “म्हणजे आमच्या रगतांतच आसा तें?” चुलतबहिणीची सोयरीक जुळत आलीय. काकांनी मला पडवीत नेऊन बजावलं, हे बाहेर बोलायचं नाही. शब्द चुकला असं वाटतंय. काय म्हणायला हवं होतं?

म्हापसा, पॅथॉलॉजी :
ताई, शब्द चुकलाच. ‘जनुकीय’ म्हणायचं. आणि त्याहून नेमकं, ‘गाठीची जनुकीय तपासणी’. कारण ही तपासणी बाबांची नव्हे, त्यांच्या गाठीची. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्यातून डीएनए काढून ईजीएफआरसारख्या जनुकांत बदल झालाय का ते पाहतात. एएलके या दुसऱ्या जनुकातला बदल बऱ्याचदा ब्लॉकच्या पातळ कापावर रंग चढवूनच कळतो. हे बदल फुफ्फुसातल्या पेशींत मागाहून घडलेले असतात, आईबापांकडून आलेले नसतात, म्हणून मुलांकडेही जात नाहीत. ईजीएफआरमधला बदल जन्मतःच असलेली घराणी जगात सापडली आहेत, पण अगदी विरळा. तसा संशय आला तर डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी सांगतात. सोयरीक मोडण्याचं काही कारण नाही.

एवढा खटाटोप का, तर २००४ मध्ये कळलं की फुफ्फुसाच्या कर्करोगावरची गेफिटिनिब ही गोळी ज्यांना छान लागू पडते त्यांच्या गाठीत बहुधा ईजीएफआरचा बदल असतो. २००९ मध्ये आशियाई रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. बदल असलेल्यांत गोळी केमोपेक्षा सरस ठरली, आणि बदल नसलेल्यांत केमोहून वाईट. म्हणून अंदाजाने गोळी देत नाहीत, रिपोर्टची वाट पाहतात.

साखळी, निवृत्त मास्तर :
गोंधळाचं मूळ इंग्रजीत आहे. बेटसनने ‘जेनेटिक्स’ हा शब्द वापरला १९०५ मध्ये, आणि योहानसेनने ‘जीन’ आणला १९०९ मध्ये. म्हणजे वारशाच्या शास्त्राचं बारसं आधी झालं, जनुकाचं नंतर. त्यामुळे ‘जेनेटिक’ला वारसाही चिकटला आणि जनुकही. मराठीने दोन शब्द करून ठेवले होते. ‘जनुक’ सरळ ‘जन्’ धातूच्या घरातलं, जन्म, जनक, जननी यांच्या पंक्तीतलं. ‘आनुवंशिक’ म्हणजे वंशामागून येणारं. सोय असून आपण ती वापरत नाही. (आणि कृपा करून ‘अनुवंशिक’ लिहू नका. ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो.)

मडगाव, नोटरीकडे कारकून :
आमच्याकडे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटणीच्या, कामात रोज दोन शब्द येतात, वडिलोपार्जित आणि स्वार्जित. गाठीतला बदल स्वार्जित म्हटला तर? आत्याला लगेच कळेल.

म्हापसा, पॅथॉलॉजी :
वा! मी उद्यापासून हेच सांगणार.

साखळी, निवृत्त मास्तर :
सांगू नका. ‘स्वार्जित’ म्हणजे स्वतः मिळवलेलं. ज्या माणसाने कधी सिगारेट ओढली नाही त्याला आपण म्हणायचं, हे तुमचं तुम्हीच कमावलंत?

मडगाव, नोटरीकडे कारकून :
मान्य, भाई. शिवाय माझंच उदाहरण माझ्यावर उलटलं. गोव्याच्या कायद्यात स्वार्जितातलाही निम्मा हिस्सा मुलांना द्यावाच लागतो. आत्या पुन्हा रडायला बसायची. शब्द मागे घेतो.

वास्को :
नेमक्या बदलावरच काम करणाऱ्या अशा ‘टार्गेटेड’ औषधाला लक्ष्यवेधी म्हणायचं की लक्ष्यित? आमच्या आईला रोजची एक गोळी चालू होती, घरात कोणी दोन्ही म्हटलं नाही. ‘ती गोळी’ एवढंच. पण ‘पॉझिटिव्ह’ने मात्र घोळ घातला. कोविडपासून पॉझिटिव्ह म्हणजे वाईट हे डोक्यात बसलेलं, आणि इथे डॉक्टर हसून सांगतात, ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे!

म्हापसा, पॅथॉलॉजी :
लक्ष्यवेधी, माझं मत. आणि ‘पॉझिटिव्ह’ऐवजी ‘बदल सापडला’ म्हणा, चांगलं-वाईट डॉक्टर सांगतील. रिपोर्टातल्या ‘वाइल्ड टाइप’चं भाषांतर ‘जंगली प्रकार’ केलेलंही मी पाहिलं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की बदल नाही.

फोंडेकरीण (अडीच आठवड्यांनी) :
रिपोर्ट आला. ईजीएफआर, एक्झॉन १९ (जनुकाचा एक तुकडा) डिलीशन. आता ‘डिलीशन’ला काय म्हणू?

साखळी, निवृत्त मास्तर :
लोप. शब्दातलं अक्षर गळतं त्याला व्याकरणात लोपच म्हणतात.

म्हापसा, पॅथॉलॉजी :
मास्तर, फारच चपखल. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. या लोपात बहुतेकदा १५ अक्षरं गळतात, म्हणजे पुरे पाच गट, म्हणून पुढचं वाक्य बिघडत नाही. प्रथिन तयार होतं, फक्त सदा चालू राहतं आणि पेशीला वाढ म्हणत राहतं. गोळी ते बंद करते. काही काळाने पेशी नवी वाटही काढतात, तेव्हा पुन्हा तपासणी करावी लागते, तेही घरच्यांना आताच सांगून ठेवा.

फोंडेकरीण :
सांगितलं. ‘गाठीतली काही अक्षरं गळली आहेत, आपल्यातली नाहीत.’ आत्या थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, गोळी जेवणाआधी की नंतर? ओसिमर्टिनिब आहे, कधीही चालते म्हणाले. तिने सकाळच्या पेजेबरोबर ठरवलं आहे.